ऊर्मी म्हणजे लाट

‘ऊर्मी’ हा शब्द आपण आता बहुतेक चांगल्या गोष्टींसाठी राखून ठेवला आहे. लिहिण्याची ऊर्मी, गाण्याची ऊर्मी, काहीतरी करून दाखवण्याची ऊर्मी. मूळ संस्कृतात मात्र ऊर्मी म्हणजे सरळसरळ लाट. जुन्या ग्रंथांत षडूर्मी सांगितल्या आहेत: भूक, तहान, शोक, मोह, म्हातारपण आणि मरण. माणसावर येऊन आदळणाऱ्या सहा लाटा. भूक आणि शोक एकाच पंगतीला बसवणाऱ्या त्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं. दुःखही भुकेसारखं अंगातच उठतं, पोटात कालवतं, घशाशी येतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

हा लेख एका वेगळ्या ऊर्मीबद्दल आहे. मन असह्य झालं की स्वतःच्याच शरीराला इजा करावी, अशी ऊर्मी काही जणांना येते. ती चढत असताना वाटतं, ही आता अशीच चढत राहणार, आणि थांबवायचा उपाय एकच आहे. हे खरं नाही. ती लाट आहे. तिला माथा असतो आणि माथ्यानंतर उतार असतो. तिथपर्यंतची वेळ सुखरूप काढता येते, आणि ती कशी काढायची हे पोहण्यासारखं शिकता येतं.

तुम्ही हे वाचताना आत्ता, या क्षणी त्या लाटेत असाल तर पुढचं सगळं नंतर वाचा. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू केली. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. जखम झाली असेल, काही पोटात गेलं असेल, किंवा जीव संपवावासा वाटत असेल, तर घरातल्या नाहीतर शेजारच्या कुणाला तरी उठवा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा.

मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं. अकरावी-बारावीची मुलं. एका वर्षी एप्रिलच्या उकाड्यात एक मुलगी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येत राहिली. हुशार, नीटनेटकी, वेळेवर वह्या देणारी. मला काही कळलं नाही. कळलं ते तिच्या मैत्रिणीमुळे. ती मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, तिला कुणी ओरडू नका हं, पण तुम्हाला सांगायलाच हवं.” त्या एका वाक्यात सगळं शहाणपण होतं: ओरडू नका, पण सांगायलाच हवं. माझी मात्र पहिली प्रतिक्रिया भीतीची होती, आणि भीती मोठ्या माणसांच्या तोंडून रागासारखी बाहेर पडते. त्या दिवशी मी गप्प राहिले, एवढंच काय ते मला बरं जमलं. त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं, ऐकलं आणि जाणत्या लोकांना विचारलं.

पहिली गोष्ट समजली ती ही की असे लोक थोडे नाहीत. वेगवेगळ्या देशांतले अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली एक हिशेब मांडला गेला. मरायच्या हेतूशिवाय स्वतःला इजा करण्याचा प्रकार आयुष्यात एकदा तरी केलेल्या किशोरवयीनांचं प्रमाण त्यात सुमारे १७ टक्के निघालं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात दहा जण असू शकतात. आपल्याकडे घरात कळलं की पहिला शब्द येतो तो ‘नाटकं’. लक्ष वेधून घ्यायला करते, मित्रांचं बघून करतो. पण ज्याला लक्ष वेधायचं असतं तो उकाड्यात बाह्या खाली ओढत नाही. बहुतेक जण हे लपवतात, वर्षानुवर्षं लपवतात, आणि त्या लपवण्यानेही थकतात.

मग करतात कशासाठी? हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू नॉक यांनी या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. ठळक उत्तरं दोन. काही जणांना आतला वणवा शांत करायचा असतो: स्वतःचा राग, लाज, नाकारलं गेल्याची बोच. काही जणांचं बरोबर उलटं असतं. आत काहीच जाणवत नाही, सगळं बधिर, काचेपलीकडचं, आणि काहीतरी जाणवावं म्हणून ते धडपडतात. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण वणव्याचा उपाय आणि बधिरतेचा उपाय एक नाही. पुढे त्यावर येतेच. इजेनंतर क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, हे नाकारून उपयोग नाही. ज्याने अनुभवलं आहे तो आपल्याला खोटं ठरवून मोकळा होईल. सांगायचं ते पुढचं: ती सुटका टिकत नाही, मागून लाज येते, लाजेतून पुढची लाट उठते, आणि शरीराला तीच वाट पाठ होत जाते.

नॉक यांच्या २००९ सालच्या एका अभ्यासात ३० तरुण-तरुणींनी १४ दिवस हातातल्या छोट्या यंत्रात आपल्या मनात येणारे विचार त्या-त्या वेळी नोंदवले. आठवणीतून नव्हे, येत असताना. दिसलं असं की इजा करण्याचे विचार बहुधा मध्यम तीव्रतेचे होते आणि थोडाच वेळ टिकत होते. आणि विचार आले त्यांतल्या बऱ्याच वेळा कृती झालीच नव्हती. म्हणजे या लोकांनी कितीतरी लाटा आधीच पार केल्या होत्या. ते स्वतः त्यांची गणती करत नव्हते, एवढंच.

अमेरिकेतल्या सिअॅटल शहराचा इथे उल्लेख करायला हवा. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात दोन माणसं काम करत होती. एक अॅलन मार्लट. ते व्यसनांवर संशोधन करत. सिगारेट किंवा दारू सोडलेल्या माणसाला तलफ येते तेव्हा त्याला वाटतं, ही भागवली नाही तर वाढतच जाईल. मार्लट यांनी शिकवलं की तलफेशी कुस्ती खेळू नका आणि तिच्यापुढे लोटांगणही घालू नका. फळीवर उभा राहून लाटेवरून जाणारा माणूस जसा तोल सांभाळत तिच्याबरोबर वर जातो आणि खाली येतो, तसं करा. मार्लट तिथे कसे पोचले असतील ते असो, मला मात्र आपला शब्द आठवला. ऊर्मी म्हणजे लाट, हे आपली भाषा केव्हाचं सांगते आहे. आणि होडीचं तोंड लाटेकडे धरायचं असतं, आडवी सापडली की होडी उलटते, हे कोकणातला कुठलाही मच्छीमार सांगेल.

दुसऱ्या मार्शा लिनेहन. स्वतःला वारंवार इजा करणाऱ्या लोकांसाठी त्यांनी एक उपचारपद्धती उभी केली. तिला डीबीटी म्हणतात, मराठीत द्वंद्वात्मक वर्तनोपचार. १९९१ साली त्यांनी तिची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध केली आणि १९९३ साली पुस्तक. ‘द्वंद्व’ हे की रुग्णाला दोन गोष्टी एकदम सांगायच्या: तू आज जसा आहेस त्याला कारणं आहेत, तुझं दुःख खरं आहे, आणि तरीही हे बदलायला हवं, बदलता येतं. नुसतं पहिलं सांगितलं तर माणूस आहे तिथेच राहतो. नुसतं दुसरं सांगितलं तर तो आपल्यापासून दूर जातो. २०११ साली, जगभर नाव झाल्यावर, लिनेहन यांनी जाहीरपणे सांगितलं की त्या स्वतः १९६१ साली, सतराव्या वर्षी, कनेक्टिकटमधल्या एका मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि स्वतःला इजा करत होत्या. जी औषधं त्या वाटत होत्या ती त्यांच्या स्वतःच्या वाटेवरून आलेली होती.

लिनेहन यांचा एक धडा आपल्या घरांना विशेष लागू पडतो. लाट माथ्यावर असताना समजूत घालू नये. आपल्याकडे समजूत घालणं हे प्रेमाचं काम मानलं जातं, आणि एरवी ते असतंही. पण त्या दहा-वीस मिनिटांत डोकं ऐकण्याच्या अवस्थेत नसतं. ‘आईबाबांनी तुझ्यासाठी किती केलं’ हे वाक्य त्या वेळी फक्त अपराधीपणाचं एक लाकूड आणखी टाकतं. त्या वेळी आधी शरीराशी बोलायचं. शरीर शांत झालं की मन मागून येतं.

गार पाण्यात भिजवलेला, पिळलेला टॉवेल डोळ्यांवर आणि गालांवर धरायचा, किंचित पुढे वाकून श्वास पंधरा-वीस सेकंद रोखायचा, मग सोडायचा. चेहऱ्याला गारवा लागला आणि श्वास थांबला की शरीराला वाटतं आपण पाण्यात बुडी मारली, आणि हृदयाचे ठोके मंदावतात. हे मनाचे खेळ नव्हेत. ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे, सील प्राण्याच्या अंगी असते तशी आपल्याही. हृदयाचा त्रास असेल, खाण्यापिण्याशी संबंधित आजार असेल किंवा नाडी मुळातच मंद असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. श्वासाचंही असंच आहे. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. म्हणून चार आकड्यांत घ्यायचा, सहा आकड्यांत सोडायचा. सोडणं लांबवायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि अंगात वीज खेळत असेल तर बसून श्वास मोजणं जमणारच नाही. तेव्हा जिन्याचे चार मजले चढउतार, दोरीवरच्या उड्या, दम लागेपर्यंत सूर्यनमस्कार.

इथे एक अडचण असते. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं, आपल्या खोलीत जा, दार लावा, आवडतं संगीत मोठ्याने लावा. आपल्याकडे कितीजणांना आपली खोली असते? दीड खोलीत पाच माणसं झोपलेली, हॉस्टेलवर एका खोलीत चार खाटा, मोरीचा दिवा लावला तरी कुणीतरी “काय गं?” म्हणतं. म्हणून आपल्याला आवाज न होणारे, कुणाला न उमगणारे उपाय हवेत. कणीक मळणं हा त्यातला उत्तम. दोन्ही हात गुंतलेले, मुठीचा सगळा जोर लावता येतो आणि घरात कुणी काही विचारत नाही. करपलेलं भांडं घासणं, जाड चादर हाताने धुऊन पिळणं हे त्याच जातीचं. अंथरुणात पडल्या पडल्या करायचं असेल तर अंग आवळून सोडणं: पायाची बोटं घट्ट, पाच आकडे, सोडा, पोटऱ्या, मुठी, खांदे, जबडा, असं वरपर्यंत. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ सालच्या आपल्या पुस्तकात ही पद्धत मांडली आणि ती अजून शिकवली जाते.

बधिरतेचं वेगळं. तिथे शांत करायचं नसतं, जागं करायचं असतं. जिभेवर कैरीची फोड किंवा आवळा, आल्याचा तुकडा, नाकाशी कापूर, तळव्याखाली अंगणातली ओली फरशी. मग नजर फिरवून दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यायची, ऐकू येणारे चार आवाज. पंखा, कुत्रं, लांबची एसटी, कुणाचं तरी घोरणं. आपण इथे आहोत, आज आहोत, याची ती हजेरी असते.

एक सावधगिरी. इजेच्या जागी ‘छोटी’ वेदना द्यायचे उपाय इंटरनेटवर सर्रास सांगितले जातात. मी ते सुचवणार नाही. मन असह्य झालं की शरीराला दुखवायचं, ही जी गाठ बसलेली आहे, ती त्याने सुटत नाही. दारूही नको, तिने हात सैल होतो, मन नव्हे.

शरीर जरा निवळलं की शब्दांची पाळी. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातले मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं की भावनेला नुसतं नाव दिलं तरी भीती-धोक्याशी निगडित असलेल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते. इथे मराठी माणसाची पाचही बोटं तुपात आहेत, आणि आपण सगळ्याला ‘टेन्शन’ म्हणून मोकळे होतो. ही घुसमट आहे की घालमेल? घुसमटीत बाहेर पडायला वाट नसते, घालमेलीत दोन वाटा ओढत असतात. ही तगमग आहे की हुरहुर, वैताग आहे की उद्वेग, हिरमोड आहे की अपमान? नेमका शब्द सापडला की पुढची पायरी आपोआप दिसते. ‘मला काहीतरी होतंय’ याला उपाय नसतो. ‘बाबा सगळ्यांसमोर बोलले त्याची मला लाज वाटतेय’ याला असतो.

वहीत शून्य ते दहा असा आकडाही लिहावा. आत्ता आठ. पाच मिनिटांनी साडेआठ. मग आठ, सात, पाच. ‘कधीच करणार नाही’ असं स्वतःला वचन द्यायची गरज नाही. ‘पुढची पंधरा मिनिटं नाही’ एवढंच ठरवावं, ती संपली की पुढची पंधरा. दोन-चार वेळा असे आकडे लिहिले की वहीत स्वतःच्या अक्षरात पुरावा तयार होतो की लाट उतरते. कुणाच्या सांगण्यापेक्षा तो पुरावा पटतो. आणि ज्या वस्तूकडे हात जातो ती हाताशी नको. घरातल्या मोठ्यांकडे द्यावी, लांब ठेवावी. मधलं अंतर म्हणजे मिळालेली मिनिटं.

घरच्यांसाठी, मित्रांसाठी थोडं. शपथ घालू नका. ‘माझ्या गळ्याची शपथ’ म्हटल्याने ऊर्मी थांबत नाही. पुढच्या वेळी ती लपवली जाते, आणि वर शपथ मोडल्याचं पाप डोक्यावर बसतं. बाही वर करून दाखव म्हणून दरडावू नका. “मी आहे. बोलायचं नसेल तर नको बोलूस, नुसतं बसू,” एवढं म्हणून खरोखर बसा. जीव द्यावासा वाटतो का, हे मात्र स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनाने वारंवार दाखवलं आहे. उलट ज्याच्या डोक्यात असतो त्याला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. इजा करून घेणं आणि आत्महत्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण पहिलीतून जाणाऱ्यांना दुसरीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून ‘वयाचं आहे, जाईल’ म्हणून सोडून देऊ नये.

पोलीस केसच्या धास्तीने दवाखाना टाळणारी घरं मी पाहिली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ ने सांगितलं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उतरलंच नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. तेव्हा जखम झाली तर ती धुवा, बांधा आणि दवाखान्यात जा.

हे सगळे उपाय लाट पार करण्याचे आहेत. लाटा कुठल्या वाऱ्याने उठतात हे शोधायला माणूस लागतो: मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक. जिल्हा रुग्णालयात विचारा. ऑस्लोमध्ये ७७ किशोरवयीनांवर १९ आठवडे चाललेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिनेहन यांच्या पद्धतीने इजेचे प्रसंग नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक कमी झाले. या पद्धतीत पुन्हा इजा झाली तर रागावत नाहीत, साखळी उलगडतात. रात्री अकराला हे झालं, त्याआधी काय? मेसेज. त्याआधी? चाचणीचे गुण. त्याआधी? दोन रात्री झोप नाही, दुपारी जेवण नाही. कितीदा तरी साखळीची पहिली कडी ही अशी साधी निघते, भूक आणि झोप, आणि ती तोडणं सगळ्यात सोपं असतं.

त्या पूर्ण बाह्यांच्या मुलीला समुपदेशक बाईंनी एक कागद करायला लावला होता. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अशा लेखी सुरक्षा-योजनेची पद्धत घालून दिली आहे: लाट येतेय हे कशावरून कळतं, एकटीने काय करायचं, कुठे जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, कुठल्या डॉक्टरांकडे जायचं. तो शांत दिवशी, आपल्या अक्षरात लिहायचा असतो. बारावी झाल्यावर तिने तो मला दाखवला. घडी घालून घालून मऊ झालेला, हॉलतिकिटाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलेला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘दात आवळले जातात.’ मग जिना, टॉवेल, मैत्रिणीचं नाव. त्याखाली, ‘आजी, पहाटे साडेचारनंतर.’

आजीला यातलं काही माहीत नव्हतं. ती फक्त लवकर उठायची. एकदा पावणेपाचला हिने फोन लावला, तर आजीने कारण विचारलंच नाही. “उठलीस का? मी चूल पेटवतेय,” म्हणाली, आणि गाईने रात्री दावं कसं तोडलं, शेजारच्या अळवात कशी शिरली, ते सगळं सांगत बसली. ही नुसती “मग?” म्हणत राहिली. बोलता बोलता गॅलरीत उजाडलं, आणि वहीत तिने आकडा लिहिला: तीन.